सूर्याची रचना आणि त्याचे थर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी आकाशनिरीक्षक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत शिरतो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आणि स्थूलमानाने दिली आहेत. केल्विन मापनाशी असलेला २७३ अंशांचा फरक लाखांच्या आणि कोटींच्या आकड्यांत लक्षात घेण्याजोगा नसतो.

१. सूर्याला एकूण थर किती? काही पुस्तकांत सहा दिलेले असतात, तर काहींत सात.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. केंद्रापासून बाहेरच्या दिशेने गेल्यास प्रथम गाभा लागतो, जो सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे २५ टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे. त्यानंतर सुमारे ७० टक्क्यांपर्यंत प्रारण विभाग आणि तेथून जवळजवळ दृश्य पृष्ठभागापर्यंत अभिसरण विभाग असतो. हे तीन अंतर्गत थर झाले. त्यांच्या वर दीप्तिगोल, वर्णगोल आणि किरीट म्हणजेच करोना हे तीन बाह्य थर येतात, आणि त्यांना मिळून सूर्याचे वातावरण म्हणतात. वर्णगोल आणि करोना यांच्यामध्ये केवळ शंभर किलोमीटरच्या आसपास जाडीचा एक संक्रमण पट्टा आहे. तो स्वतंत्र धरला, तर थरांची संख्या सात होते.

२. सूर्य हा वायूचा गोळा आहे, मग त्यात थर आणि पृष्ठभाग कसे असू शकतात?

सूर्यात घन किंवा द्रव असे काहीही नाही. जवळजवळ सर्वत्र आढळतो तो प्लाझ्मा, म्हणजे ज्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू. वस्तुमानाच्या दृष्टीने त्यात सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेल्यापैकी बहुतेक हेलियम आणि दोन टक्क्यांहून कमी इतर मूलद्रव्ये आहेत. थर ठरतात ते ऊर्जेच्या वाटचालीवरून. जेथे ऊर्जा निर्माण होते तो गाभा, जेथे ती प्रकाशाच्या रूपाने पुढे सरकते तो प्रारण विभाग, जेथे वायूच वर-खाली फिरून ती वाहून नेतो तो अभिसरण विभाग आणि जेथून प्रकाश अखेर मोकळा होऊन अवकाशात निसटतो तो दीप्तिगोल. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्ये दाखवलेल्या ठळक रंगीत सीमारेषा त्यामुळे थोड्या फसव्या असतात. विशेषतः गाभा आणि प्रारण विभाग यांच्यामध्ये कोणतीही रेषा काढता येत नाही, कारण तेथे ऊर्जानिर्मिती हळूहळू मंदावत जाते. याउलट प्रारण आणि अभिसरण विभागांमधील सीमा खरोखरच स्पष्ट आहे (प्रश्न ६ पाहावा).

घनतेची विभागणीही अत्यंत विषम आहे. आकारमानाने जेमतेम दीड टक्का असलेल्या गाभ्यात सूर्याचे जवळजवळ निम्मे वस्तुमान सामावलेले आहे, तर निम्म्याहून अधिक आकारमान व्यापणाऱ्या अभिसरण विभागात केवळ दोन टक्क्यांच्या आसपास.

३. अवकाशात ऑक्सिजन नसताना सूर्य जळतो कसा?

तो जळत नाही. रासायनिक ज्वलनावर सूर्याने आजची तेजस्विता काही हजार वर्षेच टिकवली असती, आणि त्याचे वय तर सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. गाभ्यातील दीड कोटी अंश तापमानाला आणि पाण्याच्या दीडशे पट घनतेला हायड्रोजनची केंद्रके, म्हणजेच प्रोटॉन, टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हेलियमचे केंद्रक बनते. या केंद्रकीय संमीलनात मूळ वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्के भाग ऊर्जेत रूपांतरित होतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन या प्रक्रियेतून जातो आणि त्यातील ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. यातील बहुतांश ऊर्जा प्रोटॉन-प्रोटॉन साखळीतून येते. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मध्यस्थीने चालणाऱ्या दुसऱ्या चक्राचा वाटा सुमारे एक टक्का आहे. त्या चक्राचा प्रत्यक्ष पुरावा इटलीतील बोरेक्सिनो प्रयोगाने २०२० मध्ये दिला.

४. गाभ्यात एवढे संमीलन चालते, तर सूर्य हायड्रोजन बॉम्बसारखा फुटत का नाही?

संमीलन अतिशय संथ आहे म्हणून. दोन प्रोटॉन जोडले जाण्यासाठी त्यांच्यापैकी एकाचे त्याच क्षणी न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते आणि ही घटना इतकी दुर्मीळ आहे, की गाभ्यातील एखाद्या प्रोटॉनला त्यासाठी सरासरी काही अब्ज वर्षे वाट पाहावी लागते. परिणामी गाभ्याच्या अगदी केंद्रातसुद्धा एका घनमीटरमागे तीनशे वॉटहून कमी ऊर्जा निर्माण होते, म्हणजे साधारण कुजत असलेल्या शेणखताच्या ढिगाइतकीच. सूर्याचे प्रचंड तेज हे त्याच्या प्रचंड आकारामुळे आहे.

याखेरीज गाभा स्वतःला सावरून घेतो. संमीलनाचा वेग काही कारणाने वाढल्यास गाभा तापून प्रसरण पावतो, प्रसरणामुळे थंड होतो आणि संमीलन पुन्हा मंदावते. वेग घटल्यास गुरुत्वाकर्षण गाभ्याला आकुंचित करते, तापमान वाढते आणि संमीलन पूर्ववत होते. बॉम्बमध्ये असे आवळून धरणारे गुरुत्वाकर्षण नसते.

५. गाभ्यातील प्रकाशाला बाहेर यायला कोणी दहा हजार वर्षे सांगतात, कोणी एक लाख सत्तर हजार. खरे काय?

हा फरक गणिताच्या गृहीतकांतून येतो. प्रारण विभागात प्रकाशकण सरळ जात नाही. अत्यल्प अंतर कापताच तो इलेक्ट्रॉनवर आदळून वेगळ्याच दिशेला वळतो किंवा शोषला जाऊन पुन्हा उत्सर्जित होतो. दोन टकरींमधील सरासरी अंतर किती धरावे आणि घनतेतील बदल कसा हिशोबात घ्यावा यावर उत्तर अवलंबून असते. घनतेचा तपशीलवार विचार करून १९९२ मध्ये केलेल्या गणिताने सुमारे १,७०,००० वर्षे हा आकडा दिला, आणि आज तोच अधिक विश्वासार्ह मानला जातो.

मात्र ‘आज दिसणारा प्रकाश लाखभर वर्षांपूर्वी निघाला’ हे विधान शब्दशः घेऊ नये. गाभ्यात निर्माण होणारा गॅमा किरणांचा कण तोच बाहेर पडत नाही. वाटेत ऊर्जेची असंख्य वेळा वाटणी होते आणि एका गॅमा कणाच्या जागी शेवटी दृश्य प्रकाशाचे हजारो कण बाहेर येतात. पृष्ठभागापासून पृथ्वीपर्यंतचा प्रवास मात्र केवळ ८ मिनिटे २० सेकंदांचा असतो.

६. प्रारण विभाग संपून अभिसरण विभाग नेमका तेथेच का सुरू होतो?

त्रिज्येच्या ७१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पृष्ठभागाखाली सुमारे दोन लाख किलोमीटर खोलीवर, तापमान वीस लाख अंशांपर्यंत उतरलेले असते. त्याहून खाली कार्बन, ऑक्सिजन, लोह यांसारख्या जड मूलद्रव्यांच्या केंद्रकांजवळ फारसे इलेक्ट्रॉन टिकत नाहीत. येथे ती काही इलेक्ट्रॉन पुन्हा धरून ठेवू लागतात, आणि असे अर्धवट भरलेले अणू प्रकाश भराभर शोषतात. वायू अपारदर्शक होतो, ऊर्जा अडून राहते आणि बाहेरच्या दिशेने तापमान इतक्या वेगाने घसरू लागते, की खालचा तापलेला वायू वर उठल्यावरही भोवतालच्या वायूपेक्षा उष्ण आणि हलका राहतो, व त्यामुळे वरच चढत जातो. पृष्ठभागाजवळ त्याची उष्णता निघून जाते आणि तो पुन्हा खाली बुडतो. जड मूलद्रव्ये वस्तुमानाने दोन टक्केही नसताना सूर्याच्या रचनेतील सर्वांत ठळक सीमा त्यांच्यामुळे ठरावी, ही या विषयातील मला सर्वाधिक आवडणारी बाब आहे.

७. सूर्याच्या आत कोणीही गेलेले नाही. मग हे सर्व अंदाजच नाहीत का?

नाहीत. आतील माहिती दोन स्वतंत्र मार्गांनी मिळते.

पहिला मार्ग कंपनांचा. रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले, की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वर-खाली हलतो. अभिसरणामुळे निर्माण झालेल्या ध्वनिलहरी सूर्याच्या आत अडकून फिरत राहतात. काही उथळ जाऊन परततात, तर काही गाभ्यापर्यंत पोहोचतात. त्यांच्या वारंवारता मोजल्या की प्रत्येक खोलीवरील ध्वनीचा वेग मिळतो आणि त्यावरून तापमान, घटक व फिरण्याचा वेग काढता येतो. या पद्धतीला सौरकंपनशास्त्र म्हणतात. त्यासाठी निरीक्षणे अखंड हवीत, म्हणून जगभर सहा ठिकाणी एकसारख्या दुर्बिणी बसवल्या आहेत आणि त्यांपैकी एक राजस्थानात उदयपूर येथे आहे. प्रश्न ६ मधील ७१ टक्क्यांचा आकडा याच पद्धतीने मोजलेला आहे.

दुसरा मार्ग न्यूट्रिनोंचा. संमीलनात निर्माण होणारे हे कण सूर्यातून जवळजवळ न अडखळता सरळ बाहेर पडतात, त्यामुळे ते गाभ्याची आजचीच बातमी आणतात. अमेरिकेतील होमस्टेक खाणीत रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या मोजणीत ते अपेक्षेच्या केवळ एकतृतीयांश आढळले, आणि तीस वर्षे सूर्याच्या गणिती प्रतिकृतीविषयीच शंका घेतली गेली. कॅनडातील सडबरी प्रयोगशाळेने २००१-०२ मध्ये दाखवून दिले, की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि तिन्ही प्रकार मोजले तर हिशोब जुळतो. सूर्याची प्रतिकृती बरोबर होती, न्यूट्रिनोंविषयीची समजूत अपुरी होती.

८. सूर्याचा पृष्ठभाग म्हणजे नक्की काय? त्यावर उभे राहता येईल का?

उभे राहता येणार नाही, कारण दीप्तिगोलातील वायू आपल्या हवेच्या काही हजाराव्या हिश्श्याइतकाच दाट आहे. ज्या खोलीपर्यंत आपली दृष्टी पोहोचते, ती खोली म्हणजे पृष्ठभाग. एवढा विरळ वायू अपारदर्शक असतो तो ऋणभारित हायड्रोजन आयनांमुळे. हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटून हा आयन बनतो आणि तो दृश्य प्रकाश सहज शोषतो. रूपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये याकडे लक्ष वेधले. अपारदर्शक वायूपासून पारदर्शक वायूपर्यंतचा बदल सुमारे पाचशे किलोमीटरांतच पूर्ण होतो. हे अंतर सूर्याच्या सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर व्यासाच्या तुलनेत इतके क्षुल्लक आहे, की बिंबाची कड डोळ्याला अगदी रेखीव भासते.

दीप्तिगोलाचे तापमान सुमारे ५,५०० अंश आहे. त्याच्यावर हजार किलोमीटरच्या आसपास रुंदीचे दाणे सतत बनतात आणि काही मिनिटांत विरतात. ते अभिसरण विभागातून वर आलेल्या प्रवाहांचे माथे होत.

९. सौर डाग म्हणजे पृष्ठभागातील छिद्रे आहेत का?

छिद्रे नव्हेत, परंतु किंचित खोलगट भाग आहेत. ग्लासगो येथील अलेक्झांडर विल्सन यांनी १७६९ मध्ये पाहिले, की डाग बिंबाच्या कडेजवळ जाताना बशीसारखे खोल दिसतात. विल्यम हर्शेल यांनी तर त्यांतून आतला थंड, वस्तीयोग्य सूर्य डोकावतो अशी कल्पना मांडली होती. खरे कारण चुंबकीय आहे. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये डागांतील तीव्र चुंबकीय क्षेत्र शोधले. हे क्षेत्र खालून येणारे अभिसरण रोखून धरते, त्यामुळे तेथील तापमान साडेतीन ते चार हजार अंशांपर्यंत घसरते, वायू अधिक पारदर्शक होतो आणि आपण काही शे किलोमीटर अधिक खोलवर पाहतो. डाग काळा दिसतो तो केवळ भोवतालच्या तेजामुळे.

१०. सूर्याचे सगळे थर एकाच वेगाने फिरतात का?

नाही. दीप्तिगोल विषुववृत्ताजवळ सुमारे २५ दिवसांत, तर ध्रुवांजवळ सुमारे ३५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, आणि हा फरक संपूर्ण अभिसरण विभागात टिकून राहतो. प्रारण विभाग मात्र घन गोळ्याप्रमाणे एकसमान फिरतो. दोहोंमधील पातळ संधिपट्ट्यात वेग एकदम बदलतो, आणि सूर्याचे चुंबकीय क्षेत्र घडवण्यात या ताणाचा मोठा वाटा असावा असे अनेक संशोधक मानतात.

११. वर्णगोल आणि करोना एरवी का दिसत नाहीत?

दीप्तिगोलाच्या तेजापुढे ते लोपतात. करोनाची तेजस्विता दीप्तिगोलाच्या सुमारे एक दशलक्षांश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढी असते आणि दिवसाचे आकाशच त्याहून उजळ असते. खग्रास ग्रहणात चंद्र दीप्तिगोल झाकतो, तेव्हा प्रथम कडेवर वर्णगोलाची तांबडी किनार काही सेकंद दिसते. हा रंग हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या रेषेचा असतो. नंतर करोना पसरलेला दिसतो. बर्नार्ड ल्यो यांनी १९३० मध्ये कृत्रिम ग्रहण घडवणारी दुर्बीण तयार केल्यापासून उंच पर्वतांवरून करोना एरवीही पाहता येऊ लागला.

घरच्या दुर्बिणीतून प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडल्यास केवळ दीप्तिगोल, त्यावरील डाग आणि कडेकडे मंदावणारे तेज दिसते. हायड्रोजनच्या रेषेसाठी खास बनवलेल्या सौर दुर्बिणीतून वर्णगोल दिसतो, करोना दिसत नाही. साध्या दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहू नये. काजळी धरलेली काच किंवा जुनी एक्स-रे फिल्म यांचा आधार तर मुळीच घेऊ नये.

१२. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे खरे आहे का?

हा प्रश्न कोकणातून हमखास येतो, आणि उत्तर काहींना रुचत नाही. दिनांक १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्यकडेच्या तांबड्या शिखांचा वर्णपट पाहिला आणि तो ग्रहणाविनाही पाहता येतो हे ओळखले. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तशाच शिखेच्या वर्णपटात सोडियमच्या रेषांजवळ पण त्यांहून निराळी पिवळी रेषा नोंदवली. ती नव्या मूलद्रव्याची असल्याचे पुढे सुचवले गेले आणि विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवर मिळवला.

लॉकियर विजयदुर्गावर आले होते हे मात्र अगदी खरे आहे. ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ त्याच मोहिमेशी जुळतात. तोपर्यंत हेलियम प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षे झाली होती. याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून केले होते. विजयदुर्गाच्या मानाने जेऊरची आठवण फारच थोड्यांना आहे, हे खेदाचे वाटते.

१३. पृष्ठभाग ५,५०० अंश आणि त्याच्या बाहेरचा करोना दहा लाख अंशांहून अधिक, हे उष्णतेच्या नियमांविरुद्ध नाही का?

खालच्या थंड थराची उष्णता वाहून वरचा थर तापत असता, तर ते नियमाविरुद्ध झाले असते. येथे ऊर्जा उष्णतेच्या रूपात वर जात नाही. अभिसरणाच्या हालचालींमुळे चुंबकीय क्षेत्ररेषा हलतात, पिळवटतात आणि ती ऊर्जा वर जाऊन विरळ वायूत मुक्त होते. ती चुंबकीय लहरींच्या विरण्यातून मुक्त होते, की क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जोडल्या जाताना होणाऱ्या असंख्य सूक्ष्म स्फोटांतून, यावर अजून एकमत नाही. बहुधा दोन्ही प्रक्रिया चालतात आणि स्थळानुसार त्यांचे प्रमाण बदलते. करोना इतका विरळ आहे, की त्याला तप्त ठेवण्यास सूर्याच्या एकूण ऊर्जेचा अत्यल्प भाग पुरतो.

एवढे तापमान आधी कोणालाच खरे वाटले नव्हते. ग्रहणात १८६९ मध्ये करोनाच्या वर्णपटात हिरवी रेषा दिसली, तेव्हा ती ‘कोरोनियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली. वॉल्टर ग्रोट्रिआन आणि बेंग्ट एडलेन यांनी १९४० च्या सुमारास दाखवले, की ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे, आणि लोहाची अशी अवस्था दहा लाख अंशांखेरीज होत नाही.

१४. मग सूर्याच्या अभ्यासासाठी नासाने पाठवलेले पार्कर यान करोनातून जाताना वितळले कसे नाही?

तापमान म्हणजे कणांचा वेग. मिळणारी उष्णता कणांच्या संख्येवरही अवलंबून असते, आणि करोनात कण फारच थोडे आहेत. यानाला खरा धोका थेट सूर्यप्रकाशाचा आहे. त्याची सुमारे ११ सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल १,४०० अंशांच्या आसपास तापते, तर तिच्या सावलीतील उपकरणे सामान्य तापमानाला राहतात. हे यान २८ एप्रिल २०२१ रोजी प्रथम करोनात शिरले आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले.

१५. करोना कुठे संपतो?

जेथे बाहेर वाहणाऱ्या वायूचा वेग चुंबकीय लहरींच्या वेगाहून अधिक होतो, तेथे. त्यापलीकडे गेलेला वायू सूर्याकडे परत येत नाही. तो सौरवात होतो. ही सीमा ओबडधोबड असून पार्कर यानाने ती प्रथम ओलांडली, तेव्हा सूर्यकेंद्रापासूनचे अंतर सुमारे १९ सौर त्रिज्या होते. सौरवाताचा प्रभाव मात्र ग्रहांच्याही पलीकडे पोहोचतो. व्हॉयेजर १ यान त्याच्या हद्दीबाहेर २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर २ यान २०१८ मध्ये पडले.

१६. भारताचे आदित्य-एल१ यान कोणत्या थराचा अभ्यास करते?

ते सूर्याजवळ गेलेले नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या अंतराच्या केवळ एक शतांशावर ते ६ जानेवारी २०२४ पासून फिरत आहे. तेथून ग्रहणाचा अडथळा न येता सूर्य अखंड दिसतो. त्यावरील सात उपकरणांपैकी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेले उपकरण करोना पाहते. पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने बनलेली ‘सूट’ ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात दीप्तिगोल आणि वर्णगोल यांच्या प्रतिमा घेते. यातील बराचसा प्रकाश पृथ्वीवरील ओझोन शोषून घेतो, त्यामुळे हे काम जमिनीवरून शक्य नव्हते. अंतर्गत थरांची माहिती या मोहिमेतून थेट मिळत नाही. त्यासाठी प्रश्न ७ मधील मार्गच आहेत.

१७. सर्व ताऱ्यांचे थर सूर्यासारखेच असतात का?

नाहीत, आणि फरक वस्तुमानाने पडतो. सूर्याच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाच्या व्याध ताऱ्यात क्रम जवळजवळ उलटा आहे. त्याच्या गाभ्यात अभिसरण चालते आणि बाहेर प्रारण विभाग असतो, कारण तेथे कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्र प्रमुख आहे आणि ते तापमानाबाबत इतके संवेदनशील आहे, की सारी ऊर्जा केंद्राच्या अगदी लगत निर्माण होते. सूर्याच्या सुमारे एकतृतीयांशाहून कमी वस्तुमानाचे तारे, उदाहरणार्थ प्रॉक्झिमा सेंटॉरी, संपूर्णपणे अभिसरणमय असतात आणि त्यांच्यात प्रारण विभागच नसतो. सूर्यात प्रारण विभाग मध्ये असल्यामुळे बाहेरचा हायड्रोजन गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून गाभ्यातील साठा संपताच त्याचे आजचे रूप पालटेल, आणि त्याला आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत. प्रॉक्झिमातील हायड्रोजन सतत ढवळला जात असल्याने तो तारा जवळजवळ सगळाच साठा वापरू शकतो, आणि त्याचे तेज मुळातच अत्यंत मंद असल्यामुळे तो लाखो कोटी वर्षे टिकेल.